वेशीवरचा पहारेकरी

मला बघायला नांदेडहून अमरनाथ आला, त्याच्यासोबत त्याचे मामा. मोठ्यांनी आम्हा दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. आवडीचं विचारलं तर तो एकदम खुलला.

"मी गेम खेळतो. तसली साधी न्हाई. आपण काय ठरवतो त्यावर आख्खं राज्य बुडतं नाहीतर तरतं. ज्यात काहीबी निवडलं तरी शेवट तोच, असली गेम मी त्याच दिवशी काढून टाकतो."

मला तो आवडायला लागला होता.

"सध्या खेळतो त्या गेममध्ये वेशीवर एक पहारेकरी असतो," तो हसत म्हणाला. "त्याला काहीबी विचारा, 'राजाला विचारा' एवढंच बोलतो. असल्या बुजगावण्याशी काय बोलायचं?"

मीही हसले. मग विचारलं, "लग्नानंतर मी इथली, लोहा गावातली नोकरी सोडायची का?"

"ते मामांना विचारावं लागेल."

"हुंड्याबद्दल तुमचं काय मत हाय?"

"ते सगळं मामाच बघतात."

"बरं, मी पसंत हाय का?"

त्यानं जिन्याकडं बघितलं. "मामा कळवतील की."

तेवढ्यात खालून मामांनी हाक मारली, आणि राज्यं बुडवणारा तो माणूस एकाच पायात चप्पल घालून जिना उतरला.

स्वयंपाकघरात आईनं हळूच विचारलं, "शिवकन्या, कसा वाटला पोरगा?"

"पोरगा वेशीवर उभा हाय, आई. राजा बैठकीत पोहे खायलाय."