एक लाल दाणा

मर्नाने कॉफीची मोठी किटली रिकामी केली, आतून कोरडी पुसली आणि मागच्या कोठीच्या खोलीत फळीवर नेऊन ठेवली. मग बाहेर टेबलावर दोन वाट्या मांडल्या. एकीत पांढरा घेवडा, दुसरीत लाल राजमा.

“मतदान आहे की सूप?” आर्विडने विचारलं.

“मतदान झालं की सूपच आहे. आधी टोपी काढ.”

एल्सबर्गात आता चारच माणसं उरली होती आणि चौघंही या घडीला मर्नाच्या खानावळीत होती. खानावळ मर्नाची आणि गावचं महापौरपदही तिचंच, कारण दुसऱ्या कुणाला ते नकोच होतं. समोरच्या घरातला आर्विड. आणि रस्त्याच्या टोकाला राहणारं जोडपं, लाइल आणि बर्नडीन.

वसंतात जिल्हा कचेरीचा माणूस येऊन सांगून गेला होता. चौघांनी ‘हवं’ म्हटलं तर गाव राहील. एकाने जरी ‘नको’ म्हटलं तर पाटी निघेल, दिवे जातील, हिवाळ्यात बर्फ काढणारी गाडी यायची नाही. मग ज्याने त्याने आपापल्या माणसांकडे जायचं, दुसरं काय.

“पांढरा म्हणजे गाव हवं, लाल म्हणजे नको,” मर्ना म्हणाली. “दोन्ही दाणे घेऊन आत जायचं. एक किटलीत टाकायचा, दुसरा खिशात.”

“आत कशाला? इथेच टाकू की,” बर्नडीन म्हणाली.

“आतच बरं,” लाइल पटकन म्हणाला.

“का रे? बायकोपासून काय लपवायचंय?”

“चाळीस वर्षांत एक तरी गोष्ट लपवू दे की!”

सगळे हसले. खिडकीबाहेर जवसाचं शेत निळंनिळं फुललं होतं. वारा आला की ती निळाई हलायची आणि गाव पाण्यावर तरंगतंय असं वाटायचं. दुपारपर्यंत पाकळ्या गळून जायच्या, तळं आटायचं. सकाळी पुन्हा भरायचं. मर्नाला कधीकधी वाटे, आपण सगळे त्या पाण्याखालीच राहतो. म्हणून तर इथे आवाज असे लांबून आल्यासारखे येतात.

तिला इथून हलायचं नव्हतं. टेकडीवरच्या दफनभूमीत तिचा नवरा गॉर्डन होता, दगडावर त्याच्या नावाशेजारी तिच्यासाठी जागा सोडलेली होती. ॲरिझोनाहून बहीण बोलावत होती, पण मर्नाने त्यावर कधी विचारही केला नव्हता.

तिला झोप लागत नव्हती ती आर्विडमुळे. फेब्रुवारीत तो पायरीवर छाती धरून कोसळला, आणि बर्फातून दवाखान्याची गाडी येईपर्यंत ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिली. फार्गोला त्याच्या मुलाने त्याच्यासाठी खालच्या मजल्यावर खोली तयार ठेवली होती. आर्विड जायला तयार नव्हता. “मी गेलो तर तुझी ही कडू कॉफी पिणार कोण?” असं तो हसत म्हणायचा. बर्नडीनच्या नाती बिस्मार्कला फोनवरच मोठ्या होत होत्या. लाइल म्हणायचा, आपण गेलो तर या दोघांच्या दारातला बर्फ कोण काढणार?

म्हणजे एकटी मीच यांना धरून बसले आहे, असं मर्नाच्या मनाने वसंतातच घेतलं होतं.

“मला तर मेल्यावरच न्या इथून,” डोळे पुसत बर्नडीन म्हणाली. “माझा पांढरा, आत्ताच सांगते.”

“माझाही,” लाइल म्हणाला.

“मी तर इथे जन्मलो,” आर्विड म्हणाला. मग तिच्याकडे वळून, “मर्ना, ॲरिझोनाला बर्फ पडत नाही म्हणे.”

“मला बर्फ आवडतो.”

“गुडघ्यांना विचारलंस?”

“गुडघ्यांना मत नाही.”

तो हसला नाही. तिच्याकडे बघत राहिला, मग वाट्यांतून दोन दाणे उचलून आत गेला. आत टण् असा आवाज झाला. तो बाहेर आला तो थेट खिडकीशी जाऊन उभा राहिला. मग बर्नडीन गेली. तिला बराच वेळ लागला. लाइल मात्र गेला तसा आला.

मर्ना शेवटी गेली. कोठीच्या खोलीत पिठाचा वास होता आणि झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा. क्षणभर तिला सगळा रस्ता पूर्वीसारखा दिसला. धान्याच्या कोठारापुढे गाड्यांची रांग, चर्चमधून बाहेर येणारी माणसं, गॉर्डन दारात उभा राहून बूट झटकतोय. तिने त्याच्याकडे बघितलं. ‘रागावू नकोस,’ ती मनात म्हणाली. मग लाल दाणा किटलीत सोडला. तो आवाज तिला फार मोठा वाटला.

किटली घेऊन ती बाहेर आली. तिने ती दोन्ही हातांनी धरली होती.

“चार पांढरे,” खिडकीकडे तोंड करून आर्विड म्हणाला. “उगाच वेळ घालवतेस. सूप आण.”

“एक ऐका,” मर्ना म्हणाली. रात्रभर तिने हे वाक्य घोकलं होतं. “आत जे निघेल ते निघेल. पण कुणाचा दाणा कुठला, हे कुणी कुणाला विचारायचं नाही. आज नाही, कधीच नाही.”

“कबूल,” तिघंही एकदम म्हणाले. जरा घाईनेच.

कुणी कुणाकडे बघत नव्हतं. आता तीन पांढऱ्यांत तो एक लाल दिसेल, आर्विडचा चेहरा पडेल, बर्नडीन रडेल, आणि आपल्याला त्यांच्यासारखंच चकित झालेलं दाखवावं लागेल. मर्नाने श्वास घेतला आणि किटली टेबलावर उपडी केली.

दाणे घरंगळत आले आणि थांबले. चारही लाल होते.