घेणाऱ्याचं बटण

ताईच्या डाव्या हातावर, मनगटाच्या थोडं वर, एक शीर करंगळीएवढी जाड झाली होती. डायलिसिसच्या सुयांसाठी डॉक्टरांनी ती मुद्दाम तशी करून घेतली होती. तिच्यावर बोट ठेवलं की आत मांजर गुरगुरावं तशी थरथर लागायची. धाकटी तिला हात लावायचं टाळायची. आज मात्र दोघी बहिणी सोफ्यावर खेटून बसल्या होत्या. हातातला व्हिडिओ गेमचा कंट्रोलर घरघरला की ही थरथर नेमकी कशाची, हे धाकटीला क्षणभर कळत नव्हतं.

"पाय बघ, पाय!" ताई ओरडली. "कुठे ठेवतेयस? तिथला बर्फ भुसभुशीत आहे."

"तू दोर ताणून धर की."

"धरलाय. तूच पोत्यासारखी लोंबकळतेयस."

टीव्हीवर दोन गिर्यारोहक एकाच दोराला बांधलेल्या होत्या. लाल जॅकेटवाली ताईची, पिवळ्या जॅकेटवाली धाकटीची. समोर उभा कडा, मागून वादळ, आणि वर कोपऱ्यात प्राणवायूच्या दोन निळ्या पट्ट्या. पट्टी संपली की माणूस संपला. हा खेळ धाकटीनेच आणला होता. ताईला हल्ली फार हिंडवत नाही, तेवढाच विरंगुळा, असं तिने घरात सांगितलं होतं. खरं म्हणजे खेळ चालू असला की दोघींना समोर बघावं लागायचं. एकमेकींकडे नाही.

"जिकडे तिकडे बर्फच बर्फ," ताई म्हणाली, "आणि मला पाणी मोजून." शेजारच्या तिपाईवर तिची खुणेपर्यंत भरलेली बाटली होती. दिवसभर तेवढ्यावरच भागवायचं.

तपासण्या कधीच झाल्या होत्या. धाकटीची किडनी ताईला चालणार होती. घरात दुसऱ्या कुणाची चालत नव्हती. डॉक्टरांनी धाकटीला एकटीला बसवून विचारलं होतं, आणि "सावकाश ठरवा" असं सांगितलं होतं. तिने ते सावकाश फारच मनावर घेतलं. आधी कामाची गर्दी होती. गर्दी सरली तर सर्दी झाली. मग ऊन फार होतं. धाकटीचं काम दुकानादुकानांतले वजनकाटे तपासण्याचं. दुसऱ्याच्या काट्यातली लबाडी तिला उभ्या उभ्या कळायची. स्वतःची कारणं मात्र तिने कधी काट्यावर ठेवली नाहीत. ठेवली असती तर एकच उरलं असतं. तिला भीती वाटत होती. बाकी सांगण्याजोगं काहीच नव्हतं.

ताईची निळी पट्टी नखाएवढी उरली. धाकटीने नेहमीसारखं, जराही विचार न करता, बटण दाबलं. पिवळ्या जॅकेटवालीने पाठीवरचा आपला सिलिंडर काढून पुढे केला. या खेळात ती दर वेळी असंच करायची. आपण खाली गोठून मरायची, ताईला वर पाठवायची. मग संध्याकाळपर्यंत तिला जरा बरं वाटायचं.

घेणाऱ्यालाही एक बटण दाबावं लागतं. ताईने ते दाबलं नाही.

"ताई, घे ना."

ताईचा अंगठा हलला नाही. वारा घोंगावत राहिला. लाल जॅकेटवाली आधी गुडघ्यांवर बसली, मग आडवी झाली. दोन्ही कंट्रोलर घरघरून गप्प झाले.

"अगं, असं काय करतेस? मी देत होते!"

"हो. इथे," ताई म्हणाली. तो टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. "काल डॉक्टरांना सांगून आले, धाकटीची मला नको. प्रतीक्षायादीत नाव नोंदवलंय. मिळाली कुणाची तर मिळाली. आईलाही तेच सांगते. तुला कुणी काही विचारणार नाही. सुटलीस तू."

धाकटीच्या तोंडून एक लांब श्वास निघून गेला. अडवायच्या आधीच गेला. तो सुटकेचा होता, आणि ताईने तो ऐकला होता. धाकटीचे कान तापले.

आई गॅलरीत कपडे वाळत घालून आत आली. हातात रिकामी बादली. "चढून झालं का डोंगर?"

"आई," ताई टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाली, "मी हिची किडनी घेणार नाहीये. डॉक्टरांना तसं सांगितलंय."

बादली आईच्या हातातच राहिली. "डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? ही पोर तुझ्यासाठी जीव टाकतेय, आणि तुझे हे नखरे? अगं, तिच्या तोंडाकडे तरी बघ. केवढं लागलंय तिच्या मनाला!" आईने धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला. हात ओला होता, साबणाचा वास येत होता.

ताईने धाकटीला कोपराने हलकेच ढोसलं, गप्प राहा म्हणून, आणि नवा डाव लावला. लाल आणि पिवळी पुन्हा पायथ्याशी उभ्या राहिल्या. दोर बांधलेला. दोन्ही पट्ट्या काठोकाठ भरलेल्या.

धाकटीने कंट्रोलर तिपाईवर ठेवला. आईचा हात डोक्यावरून काढून आपल्या हातात धरला.

"ताईला बोलू नकोस, आई," ती म्हणाली. "मीच देणार नाहीये."