घरातला खडखडाट

ड्रायर पुन्हा खडखडायला लागला तेव्हा तात्यांची अर्धी दाढी व्हायची होती. उरलेल्या साबणासकट ते स्वयंपाकघरामागच्या खोलीत आले.

खोली कसली, कोनाडाच तो. एका भिंतीला कपडे वाळवायचा ड्रायर, त्याला चिकटून इस्त्रीचं टेबल आणि दोन स्टुलं. स्टुलांवर त्यांची बायको आणि सून गुडघ्याला गुडघा लावून चादरींच्या घड्या घालत होत्या. ड्रायरच्या पोटात कुणी दगडधोंडे भरावेत तसा आवाज चालला होता.

"हा पुन्हा सुरू झाला का?" तात्यांनी विचारलं.

"काय?" बायको म्हणाली.

"म्हटलं, पुन्हा सुरू झाला."

"हो, गरम आहेत अजून," असं म्हणून तिने चादरीचं टोक सुनेच्या हातात दिलं.

तात्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःसाठी नव्हे. त्यांचा सगळा जन्म कारखान्यात देखरेख करण्यात गेला होता, आवाजाला ते भीक घालत नव्हते. पण बायकोचे कान निकामी होत चालले होते. निवृत्त होऊन घरी बसले तेव्हाच त्यांच्या ते लक्षात आलं. आधी तिच्या कानावरून एखादं वाक्य निसटायचं, मग निम्मं बोलणं निसटायला लागलं. आता तर तात्यांच्या हाकेला समोरच्या घरातला माणूस ओ देईल, पण ही देणार नाही. कानाच्या डॉक्टरकडे चल म्हटलं की, "वयाचं असतं हो, चालायचंच."

वयाचं कसलं डोंबल. या घरात कान खाणारी वस्तू एकच होती. मुलगासुद्धा कामावरून आला की कानांत बोळे खुपसून बसायचा, तो काय हौसेने?

"दोघी व्हा बाहेर," ते आवाज चढवून म्हणाले. "आज याचा निकालच लावतो."

"राहू द्या ना तात्या," सून म्हणाली. "आम्हाला सवय झालीय."

"सवय झाली म्हणून सोसायचं? तुमच्या या सोसण्यानेच कंपन्या माजल्यात. माणसाने घाम गाळून वस्तू आणायची आणि तिने घरातल्या बाईला बहिरं करायचं. आमच्या वेळी असा माल दारातून परत गेला असता. आणि तो मेकॅनिक. पाच मिनिटं आला, कान लावला, म्हणाला चालतंय की. चालतो तर हत्तीसुद्धा, म्हणून काय घरात बांधायचा?"

तात्या एकदा लागले की लागले. ड्रायरवरून गाडी दुकानदारावर आली, दुकानदारावरून हल्लीच्या शिक्षणावर, तिथून समोरच्यांच्या कुत्र्यावर. सुनेने गुपचूप ड्रायर बंद केला, तार काढली आणि चादरींचा ढीग उचलून सासूच्या मागून बाहेर गेली.

हत्यारांच्या पेटीत नेमका पाना नव्हता. शोधून शोधून सापडला तो सुनेच्या शिवणाच्या डब्यात, दोऱ्याच्या रिळांखाली. या घरात एक वस्तू जागेवर राहील तर शपथ. तात्यांनी त्यावरही सगळ्यांना ऐकवलं.

मागचं झाकण उघडल्यावर दुखणं लगेच दिसलं. ज्या चाकांवर ड्रमचा भार असतो त्यांतलं एक डुगडुगत होतं. त्याचा नट सैल. गेल्या वेळी तो त्यांनी स्वतःच्या हाताने आवळला होता, त्याच्या आधीच्या वेळीही. त्यांनी तिथेच जमिनीवर मांडी ठोकून कंपनीला फोन लावला.

पलीकडच्या मुलीने सगळं ऐकून घेतलं. मग ती नम्रपणे म्हणाली, "काका, तो नट आपोआप सैल होत नाही."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"तसं नाही, पण आजवर अशी तक्रार आली नाही."

"येणार कशी? तुमच्या मशीनने बायका बहिऱ्या झाल्या, त्यांना तुमचा फोन तरी ऐकू येईल का?"

त्यांनी फोन आपटला. माणसाचं घर बिघडवायचं आणि वर त्यालाच खोटं पाडायचं. त्यांनी दात ओठ खाऊन नट आवळला. तेवढ्याने समाधान होईना म्हणून पेटीतून दुसरा नट काढून त्यावर बसवला आणि तोही अंगातलं सगळं बळ लावून घट्ट केला. आता भूकंप झाला तरी हलायची बिशाद नव्हती.

झाकण लावून त्यांनी ड्रायर सुरू केला. झोपलेल्या मांजरासारखी नुसती घुरघुर. तात्यांनी बायकोला हात धरून आणलं.

"ऐक," ते म्हणाले.

"काय?"

तिच्या तोंडाकडे बघून त्यांना गलबलून आलं. इतक्या वर्षांचं नुकसान एका दिवसात कसं भरून निघणार? "काही नाही," ते म्हणाले. "आता हळूहळू येईल सगळं परत. तू बस निवांत."

पाना टेबलावर ठेवून ते राहिलेली दाढी करायला न्हाणीघरात गेले. न्हाणीघराची भिंत त्या खोलीला लागूनच होती. गालावर नव्याने साबण लावताना त्यांना जाणवलं की घर किती शांत झालंय. नळाचा थेंब ऐकू येत होता. भिंतीपलीकडे स्टुलं सरकल्याचंही ऐकू आलं. मग सून बोलली, अगदी खालच्या आवाजात, जवळजवळ कुजबुजतच.

"आई, या वेळी दोन नट लावलेत. मला एकटीला नाही सुटायचे."

"आण इकडे पाना, मी धरते," बायको तितक्याच हळू म्हणाली. "ड्रायर बंद केल्यापासून यांचा शब्दन् शब्द ऐकू येतोय गं मला."