लाकडी पाय, वेग निम्मा

खरं सांगू? हे लिहिणारच नव्हतो. पण डोक्यातून जाईना.

सुट्टीच्या दुपारी शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत शिंपी, घड्याळजी आणि आणखी दोघं असे चार मित्र फासे टाकत राक्षसांच्या राज्यात लढायचा खेळ खेळत होते. शिंप्याच्या योद्ध्याचा एक पाय ड्रॅगननं गिळला, म्हणून त्याला खेळातल्या सामानाच्या यादीतला साधा लाकडी पाय मिळाला. नियम असा, की वेग निम्मा. झालं! तेव्हापासून दर चालीला अख्खी पलटण थांबायला लागली. "थांबा रे, गड्याला येऊ द्या!"

घड्याळजीच्या पोटात दुखायला लागलं. त्याचा जादूगार मघापासून आभाळातून विजा पाडत होता, पण त्याच्याकडे बघतंय कोण?

"एका ओंडक्याचे किती ते लाड!" तो फणकारला. "राहू दे की मागे. येईल हळूहळू."

"वा रे वा! सोबत निघालोय ना? मग पोचायचंही सोबतच," शिंपी म्हणाला, आणि बाकीच्या दोघांनी त्याला टाळी दिली.

खेळ संपला. कोपऱ्यावर चहा प्यायला म्हणून तिघं धडाधड जिना उतरले. रस्त्यावर पोचल्यावर शिंप्यानं खालूनच हाक मारली, "काय रे, येतोयस ना?"



घड्याळजीनं भिंतीला टेकवून ठेवलेला आपला लाकडी पाय ओढून घेतला, गुडघ्याखाली पट्टे आवळायला सुरुवात केली आणि दर सुट्टीला देतो तोच शब्द मित्राला दिला, "व्हा तुम्ही पुढे. येतो मी हळूहळू, नक्की."