परत न आलेला रॉइस

“सरळ विचारा. आडवळणाने बोललेलं तिला चालत नाही,” बक म्हणाला आणि बसच्या पुढच्या काचेवर चिकटलेले किडे फडक्याने खरवडत राहिला.

क्लिफ्टन ओक्सने कोटाचा खिसा पुन्हा चाचपला. अंगठी जागेवर होती. साठी उलटलेल्या माणसाने जत्रेच्या मैदानात, बक्षिसाला आणलेल्या गाईंच्या मांडवामागे उभं राहून तिच्याच बसच्या ड्रायव्हरकडून लग्नाची मागणी घालायला शिकावं, याचं त्याचं त्यालाच हसू येत होतं. पण अडला हरी म्हणतात ते काही खोटं नाही.

केंटकीच्या डोंगरातल्या एका लहानशा रेडिओ केंद्रावर तो आयुष्यभर निवेदक होता. व्हर्ना मे स्टिडमचं ‘रॉइस, जेवण झाकून ठेवलंय’ हे गाणं सगळ्यांत आधी त्यानेच वाजवलं. नवरा घर सोडून गेलाय आणि बायको रोज रात्री त्याचं ताट वाढून झाकून ठेवते, एवढंच काय ते गाणं. पण त्याने डोंगरातल्या बायकांना रडवलं, आणि त्या रडण्यावर व्हर्ना मे मोठी झाली. दरवर्षी जत्रेला आली की ती केंद्रावर गप्पा मारायला यायची. बायको वारल्यापासून क्लिफ्टन वर्षभर त्या गप्पांची वाट बघायचा. ती त्याला आवडत होती. अगदी मनापासून.

“तिला काय आवडतं?” त्याने बकला विचारलं.

बकने पाढा म्हणावा तसं सांगितलं. कॉफी काळी लागते. कार्यक्रमाआधी कोणी बोललेलं खपत नाही. पाऊस पडला की डावा गुडघा धरतो. “आणि घोरते,” तो म्हणाला. “बसमध्ये मागून ऐकू येतं. नंतर म्हणू नका, सांगितलं नव्हतं.”

एवढं सगळं ज्याला पाठ आहे, तो माणूस नुसता ड्रायव्हर नाही, हे क्लिफ्टनच्या लक्षात आलं. बिचारा! वर्षानुवर्षं तिच्या पेट्या उचलतोय आणि मनातलं मनातच ठेवतोय. क्लिफ्टनला त्याची दया आली. थोडी शरमही वाटली.

“तुम्हाला वाईट नाही ना वाटणार, बक?”

“ती काय म्हणते ते आधी बघा,” बक म्हणाला आणि बादली उचलून चालता झाला.

दुपारचा कार्यक्रम संपला आणि नेहमीसारखी बायकांची रांग लागली. सही हे निमित्त. खरं तर प्रत्येकीला आपला कोणीतरी रॉइस सांगायचा असायचा. व्हर्ना मे एकेकीचा हात हातात घेऊन ऐकायची, कंटाळायची नाही. इथल्या लोकांचा हट्टच तसा. गाणारीने गाण्यातलं भोगलेलं असलं पाहिजे. मागे एक जण कोळशाच्या खाणीची गाणी म्हणायचा. तो दातांच्या डॉक्टरचा मुलगा निघाला, आणि पुढच्या जत्रेत बिचारा रिकाम्या बाकांसमोर गायला. व्हर्ना मेच्या गावचे लोकही रॉइसचं नाव काढलं की विषय बदलायचे. घरचं दुःख कोण चव्हाट्यावर मांडणार?

एका म्हातारीने सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी पुढे केली. “आला का गं तो मेला?”

“ताट झाकलेलंच आहे, मावशी.”

“मला सापडू दे. लाटण्यानेच बघते त्याच्याकडे.”

“मी धरून ठेवतो, आजी,” मागे बरण्या सांभाळत उभा असलेला बक म्हणाला, आणि सगळी रांग हसली.

रांग संपल्यावर क्लिफ्टन बसच्या पायरीशी गेला. व्हर्ना मे बूट काढून तळवे चोळत बसली होती. त्याने घोकलेलं भाषण ऐन वेळी दगा देऊन गेलं.

“घरी गेलं की टीव्ही बोलतो आणि मी ऐकतो,” तो म्हणाला. “मला तुमचं बोलणं ऐकायचंय, व्हर्ना मे. रोज. माझ्याशी लग्न कराल?”

तिने अंगठी पाहिली, पण हात लावला नाही. तिचे डोळे भरून आले. त्याला शेजारी बसवून तिने त्याचा हात धरला. रांगेतल्या बायकांचा धरायची त्याहून घट्ट.

“तुमच्यासारख्या भल्या माणसाला नाही म्हणताना जीव तुटतो, क्लिफ्टन. पण मी मोकळी नाही.”

“अजून त्याचीच वाट बघताय?” त्याचा आवाज चढला. राग त्याला तिचा नव्हता, त्या गेलेल्या माणसाचा होता. “जो तुम्हाला टाकून गेला, त्याच्यापायी जन्म काढणार? इथे तुमच्यावर जीव टाकणारी माणसं आहेत. मी सोडा, या बकचं तरी बघा. तो तुमच्यासाठी झुरतो, हे दिसत नाही तुम्हाला?”

व्हर्ना मेने डोळे पुसले.

“तुमच्या हातात माईक आहे. उद्या सकाळी तुम्ही काय सांगाल त्यावर माझं गाणं राहील किंवा जाईल,” ती म्हणाली. “तरी तुमच्याशी खोटं बोलवत नाही मला. बक, ये इकडे. तूच सांग त्यांना.”

बक आला. टोपी काढून हातात चुरगाळत, शाळेत उभं केलेल्या पोरासारखा क्लिफ्टनसमोर उभा राहिला.

“गेलो होतो, ते खरं आहे,” तो म्हणाला. “पण अक्कल ठिकाणावर आली आणि घरी परतलो, तर नेमकी त्याच सकाळी तुम्ही ती रेकॉर्ड लावलीत आणि साऱ्या केंटकीला छातीठोकपणे सांगितलंत, की हा रॉइस काही आता परत यायचा नाही, तेव्हापासून आम्ही दोघं तुमचा शब्द राखतोय.”