अर्धा मिनिट आधी

"आता याची दांडी उडणार!" स्वयंपाकघरातून वत्सलाबाई ओरडल्या, आणि अर्ध्या मिनिटाने टीव्हीवर खरंच दांडी उडाली. पैजेप्रमाणे आजचीही भांडी विश्वनाथरावांकडे आली. घरात वायरलेस इंटरनेटवरचा टीव्ही आल्यापासून बायकोला जणू दिव्यदृष्टीच लाभली होती.

सामना सोडून ते घासायला उभे राहिले, तेव्हा खिडकीतून शेजारच्या दाजीबांची आरोळी आली, "सिक्सर!" विश्वनाथराव फेसाळ हातांनीच बाहेर धावले. टीव्हीवर गोलंदाज अजून चेंडू पुसत होता. म्हणजे दाजीबांची जुनी डिश पुढे आणि आपलं इंटरनेट मागे! वत्सलाबाईंनी तो फेस पाहिला आणि हळूच स्वयंपाकघराच्या खिडकीकडे नजर टाकली.

पुढच्या सामन्याला विश्वनाथराव साळसूदपणे म्हणाले, "आज भाजी मी निवडतो, तू बस बाहेर." खिडकीतून "आउट!" ऐकताच ते गरजले, "हा गेला! नाही गेला तर महिनाभर भांडी माझी!"

टीव्हीवर षटकार बसला.

त्यांनी खिडकीतून डोकावून पाहिलं. अंगणात दाजीबा वत्सलाबाईंच्या डब्यातली पुरणपोळी खात उभे होते. भरल्या तोंडाने ते म्हणाले, "वहिनींना विचारा, आणखी एकदा ओरडू का?"