कपड्यांच्या खोलीतला डास

काकांनी कपड्यांच्या खोलीचं दार आतून लावलं, डास मारायला हवेत टाळी वाजवली आणि पेटीवर टेकले.

"सापडला?" तिने विचारलं.

"निसटला मेला. हां, बोल आता. कॅमेरा नसलेली एवढीच जागा आहे घरात."

ती चंदेरी अंतराळपोशाखांखाली फतकल मारून बसली. वाहिनीवरच्या चित्रपट करण्याच्या या स्पर्धेचा आज एकविसावा दिवस. दहा जण आत आले होते. उरली ही दोघं. ती संकलक, काका टपाल खात्यातून निवृत्त झालेले हौशी लेखक. खिडक्या रंगवलेल्या, फोन काढून घेतलेले. मधेच सोडून गेलं तर पाच वर्षं चित्रपट करायचा नाही, अशी करारात अट. तिचा जीव गुदमरत होता.

"काल मी नुसती जांभई दिली हो," ती म्हणाली. "हे वाहिनीवाले त्याखाली व्हायोलिन लावतील आणि म्हणतील, पोरीला आई आठवली."

"आणि यांना हवाय अंतराळपट," काका म्हणाले. "परग्रहवासी लाखो मैल तुडवत येतात आणि उतरतात नेमके राष्ट्राध्यक्षांच्या अंगणात."

"यान बिघडलं की द्यायची लाथ. आमच्या मिक्सरसारखं."

दोघंही हसली. काका नसते तर आपल्याला वेड लागलं असतं, असं तिला वाटलं. बिचाऱ्यांना चित्रीकरणातलं ओ की ठो कळत नव्हतं. पाटी का आपटतात, हेही तिनेच समजावलं होतं: त्या आवाजावरून चित्र आणि ध्वनी नंतर जुळवतात, पाटी नसेल तर टाळीही चालते.

"तुझ्या कथेचा शेवट तू परीक्षकांना सांगितला नाहीस," काका म्हणाले.

"कसा सांगू? कॅमेऱ्यासमोर बोललेला शब्दन् शब्द वाहिनीच्या मालकीचा. सात वर्षं लिहितेय मी ती कथा. उद्या मला घरी पाठवतील आणि माझा शेवट दुसऱ्याच्या चित्रपटात दिसेल."

"मग नकोच सांगू. मन मारून राहायचं."

हे मात्र तिला सोसलं नाही. इतक्या दिवसांत कुणी तिला गप्प राहायला सांगितलं नव्हतं. ती पुढे सरकली.

"तुम्हाला सांगते. फक्त तुम्हाला."

काकांनी डासावर पुन्हा एक टाळी वाजवली. तोही निसटला.

तिने सगळं सांगितलं. यानात एकटी असलेली बाई, तिला रोज धीर देणारा पृथ्वीवरचा आवाज, आणि शेवटी तिने उघडलेलं दार. "यान उडालेलंच नसतं, काका. ते एका गोदामात उभं असतं." वरून विमान घरघरत गेलं, तरी ती बोलत राहिली. डोळे भरून आले होते. किती हलकं वाटत होतं.

 काकांनी सदऱ्याचं वरचं बटण सरळ केलं.

"सुरेख," ते म्हणाले. "फक्त विमान मधे आलं. दारापासून पुन्हा घे."

आणि त्यांनी टाळी वाजवली.